रुग्णांच्या एक्सएमएल फायली डॉक्टरांना वाचता येतील अशा करायच्या आहेत. एक्सएसएलटी शिकायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वेगवेगळ्या रुग्णालयांकडून रुग्णांचे सारांश सीडीए स्वरूपात (रुग्णाची कागदपत्रं एक्सएमएलमध्ये लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) येतात, ते ब्राउझरमध्ये नीट वाचता येतील असे करून द्यायचे आहेत, आणि प्रोग्रॅमिंग येत असलं तरी एक्सएसएलटीला, म्हणजे एक्सएमएलचं वाचता येणाऱ्या पानात रूपांतर करणाऱ्या भाषेला, कधी हात लावलेला नाही. मी हेच काम बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्सएसएलटीचं पुस्तक आत्ता उघडू नका. आधी एक सीडीए फाइल उघडा आणि वरपासून खालपर्यंत नुसती वाचून काढा. सीडीए हे एचएल७ या आरोग्य-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक, त्याची दुसरी आवृत्ती २००५ची. फायलीच्या सुरुवातीला हेडर असतं: रुग्ण कोण, कागद कोणी लिहिला, सही कोणाची, तारीख काय. मग बॉडी, आणि तिच्यात सेक्शन. सेक्शनला सहसा लॉइंक कोड असतो, म्हणजे वैद्यकीय बाबींसाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक. ॲलर्जीचा ४८७६५-२, औषधांचा १०१६०-०. सेक्शनच्या पोटात पुन्हा दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. एक 'टेक्स्ट', माणसाने वाचायचा. दुसऱ्या 'एंट्री', संगणकासाठी कोड लावलेल्या.

सगळ्यात मोठा निर्णय इथेच घ्यायचा असतो. प्रोग्रॅमर माणूस एंट्रीकडे धावतो, कारण ती रेखीव असते आणि टेक्स्ट अघळपघळ. मीही तेच केलं होतं. ॲलर्जीचा छान तक्ता एंट्रींमधून तयार केला. टेस्टिंगच्या एका फायलीत टेक्स्टमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, 'औषधांची कोणतीही ज्ञात ॲलर्जी नाही'. माझ्या पानावर मात्र आलं, 'औषधांची ॲलर्जी'. त्या एंट्रीवर 'निगेशन-इंड' नावाचं ॲट्रिब्यूट 'ट्रू' होतं, म्हणजे 'हे नाही' असं सांगणारं, आणि माझं टेम्प्लेट (कोणता टॅग पानावर कसा दाखवायचा ते सांगणारा नियम) त्याच्याकडे बघतच नव्हतं. एक ॲट्रिब्यूट सुटलं आणि अर्थ बरोबर उलटा झाला. शेजारी बसलेल्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही खिडक्या बाजूबाजूला ठेवून वाचल्या म्हणून ते सापडलं. त्या दिवशी एंट्रीवर चालणारी सगळी टेम्प्लेट्स मी काढून टाकली.

म्हणून बॉडी टेक्स्टवरूनच दाखवा. सीडीएची रचनाच तशी आहे: सही करणाऱ्याने ज्या मजकुराची जबाबदारी घेतली तो टेक्स्टमध्ये असलाच पाहिजे, आणि कोणाकडूनही आलेला कागद एकाच सर्वसाधारण स्टाइलशीटने, म्हणजे टेम्प्लेट्सच्या एकाच फायलीने, वाचता आला पाहिजे. हेडरला असा तयार मजकूर नसतो, तिथली मांडणी तुम्हालाच करावी लागते.

हे एकदा ठरलं की शिकायचं एक्सएसएलटी फार उरत नाही. टेक्स्टमध्ये येणारे टॅग मोजकेच आहेत: परिच्छेद, यादी, तक्ता, कंटेंट, ओळ तोडणं, वर-खालची बारीक अक्षरं, चित्र, दुवा. प्रत्येकासाठी एक छोटं टेम्प्लेट लिहा आणि आत 'अप्लाय-टेम्प्लेट्स' म्हणा, म्हणजे आतल्या प्रत्येक टॅगला त्याचं त्याचं टेम्प्लेट लागेल. इतर भाषांतून आलेल्यांना 'फॉर-ईच' जवळचं वाटतं, पण तक्त्याच्या चौकटीत यादी, यादीत ठळक शब्द, असं एकात एक किती खोल जाईल ते आधी माहीत नसतं. फॉर-ईचमध्ये तुम्ही अपेक्षित धरलेलं तेवढंच बाहेर येतं, बाकीचं गळतं. अप्लाय-टेम्प्लेट्स हीच एक्सएसएलटीची खरी चाल आहे, ती अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पहिल्याच दिवशी अडकाल ते नेमस्पेसपाशी, म्हणजे टॅगचं नाव कोणत्या मानकातलं ते सांगणाऱ्या ओळखीपाशी. तुम्ही टेम्प्लेट लिहाल, चालवाल, आणि पानावर नाव, पत्ता, औषधं, निकाल सगळं एकाला एक चिकटून एका ढिगात येईल. हेडरमधल्या तारखा तेवढ्या नसतील, कारण त्या ॲट्रिब्यूटमध्ये असतात. हे दिसलं की समजा, तुमचं एकही टेम्प्लेट लागलेलं नाही आणि एक्सएसएलटीचे अंगभूत नियमच नुसता मजकूर ओततायत. सीडीएचे सगळे टॅग एचएल७च्या नेमस्पेसमध्ये असतात. स्टाइलशीटमध्ये त्याला एक उपसर्ग द्या आणि प्रत्येक एक्सपाथमध्ये (फायलीतला टॅग शोधायच्या पत्त्यात) तो लावा. एक्सएसएलटी १.० मध्ये दुसरा सरळ मार्ग नाही, २.० पासून एक्सपाथसाठी डीफॉल्ट नेमस्पेस सांगता येतो.

तारखा येतात त्या आठ आकडी, कधी त्यापुढे वेळ आणि टाइमझोनसकट. पण कधी नुसतं वर्ष असतं. आंधळेपणाने तुकडे पाडले तर दिवस-महिन्याच्या जागा रिकाम्या राहतात, म्हणून आधी लांबी बघा. रिकाम्या जागांचंही तसंच. 'नल-फ्लेवर' सांगतो की माहिती का नाही: 'विचारलंच नाही' आणि 'विचारलं पण कळलं नाही' यांचे कोड वेगळे आहेत. दोन्हींसाठी नुसती रेघ ओढू नका, डॉक्टरला तो फरक हवा असतो.

सुरुवातीला एचएल७चं नमुना स्टाइलशीट घेऊन तेच वाचा, पण नवी प्रत घ्या. २०१४ मध्ये त्याच्या जुन्या प्रतीतल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या होत्या. तक्त्यावरची ॲट्रिब्यूट्स ती जशीच्या तशी एचटीएमएलमध्ये उतरवायची, त्यामुळे बाहेरून आलेल्या कागदातली स्क्रिप्ट डॉक्टरच्या ब्राउझरमध्ये चालू शकत होती. तुम्ही मोजकी ॲट्रिब्यूट्स ठरवून घ्या, तेवढीच पुढे जाऊ द्या. दुव्यांचे पत्तेही तपासा.

रूपांतर ब्राउझरवर सोडू नका. ब्राउझर १.०च्या पुढे कधी गेलेच नाहीत, आणि क्रोमने तर २०२५ मध्ये एक्सएसएलटीचा आधार काढून टाकण्याची योजना जाहीर केली. सर्व्हरवर सॅक्सन हा एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम वापरा, ३.० मिळेल आणि चूक कुठे झाली ते सांगणारे संदेशही समजण्याजोगे असतात. उद्या एचएल७ आवृत्ती २चे उभ्या रेघांनी तोडलेले संदेश आले, तर ते आधी एक्सएमएलमध्ये आणा आणि मगच हे सगळं.

शेवटी दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून स्टाइलशीटसोबत असू द्या. टेक्स्टच्या आत ओळखीचा नसलेला कोणताही टॅग आला तर त्यातला मजकूर लाल चौकटीत दाखवणारं एक टेम्प्लेट. आणि एक छोटी स्क्रिप्ट, जी मूळ टेक्स्टमधले सगळे शब्द आणि तयार पानातले शब्द ओळीने ताडून बघते. एक शब्द जरी कमी भरला, तरी ते पान डॉक्टरपर्यंत जाऊ देऊ नका.