दुकानातल्या पाच कॉम्प्युटरच्या नेटवर्कला विंडोज होम पुरेल, की सगळीकडे प्रोच घ्यावं लागेल?

तुमचा प्रश्न असा: निपाणीत धान्याचं होलसेल दुकान, पाच नवीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, टॅली सगळ्यांवर चालायला हवी. शिवाय वडिलांना रात्री घरून हिशेब बघायचा आहे. कॉम्प्युटर देणारा म्हणतो, ‘होमवर नेटवर्क होत नाही, पाचही मशीनला प्रो घ्या.’ हे खरं का?

खरं नाही. होम आणि प्रो या विंडोजच्याच दोन आवृत्त्या, होम साधी आणि प्रो वरची. एकाच मशीनला प्रो घ्या, बाकी चार होमवर बिनधास्त चालू देत.

मी बेळगावला उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचा हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही गेली बारा वर्षं बघते. आजूबाजूच्या शेडमधलेही काही अडलं की बोलावतात. हा ‘होमवर नेटवर्क होत नाही’वाला समज मला दर वर्षी दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समज आला कुठून, ते आधी. 2001 च्या विंडोज एक्सपीत खरंच फरक होता. एक्सपी होमवर एका वेळी बाहेरून फक्त 5 मशीन जोडता यायची, एक्सपी प्रोफेशनलवर 10. कोणत्या माणसाला कोणता फोल्डर दिसावा हेसुद्धा होमवर नीट ठरवता यायचं नाही. त्या काळात ज्यांनी धंदा सुरू केला त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. विंडोज 7 मध्ये होम प्रीमियम आणि प्रोफेशनल दोन्हींना 20 ची मुभा मिळाली. आज विंडोज 11 लाही तेच आहे, होमला 20 आणि प्रोलाही 20. म्हणजे प्रो घेतलं म्हणून तुमचं मशीन सर्व्हर होत नाही. उद्या दुकान वाढून पंचवीस कॉम्प्युटर झाले तर प्रोही पुरणार नाही, तेव्हा सर्व्हरचं विंडोज किंवा वेगळा स्टोरेज बॉक्स लागेल. दुसरा गोंधळ होमग्रुपचा, म्हणजे घरातली मशीन एका गटात जोडायच्या सोयीचा. विंडोज 7 मध्ये आलेली ती सोय 2018 मध्ये विंडोज 10 मधून काढून टाकली, आणि बऱ्याच जणांना वाटलं की होममधून शेअरिंगच गेलं. गेला तो फक्त होमग्रुप. साधं फोल्डर शेअरिंग, प्रिंटर शेअरिंग जसंच्या तसं आहे.

आता तुमच्या दुकानाचं. टॅलीला एकाहून जास्त जणांनी एकाच वेळी काम करायचं तर टॅलीचं गोल्ड लायसन लागतं, सिल्व्हर एका माणसापुरतं. हा टॅलीचा नियम आहे, विंडोजचा नव्हे. डेटाचा फोल्डर एका मशीनवर ठेवून शेअर करायचा आणि बाकीच्यांनी तो उघडायचा, एवढंच काम आहे. ते होम ते होम, होम ते प्रो, कसंही चालतं.

मग लोकांचं अडतं कुठे? मागच्या पावसाळ्यात शेजारच्या एका वर्कशॉपवाल्यांनी मला बोलावलं. राउटर बदलला होता आणि तेव्हापासून ऑफिसातल्या मशीनवर ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ येत होतं. त्यांच्या माणसानं निकाल देऊन टाकला होता, ‘होम आहे, प्रो टाका.’ मी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेले तर प्रोफाईल पब्लिक. नवीन राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवीन जागा, आणि नव्या जागी ते बस स्टँडवर असल्यासारखं दारं लावून बसतं. प्रायव्हेट केलं, मशीन दिसायला लागलं. पण फोल्डर उघडताना पासवर्ड मागितला. त्यांचा मुलगा चार आकडी पिन पुन्हा पुन्हा टाकत होता आणि प्रत्येक वेळी नकार येत होता. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो कुणालाच आठवत नव्हता. शेवटी मुख्य मशीनवर ‘हिशेब’ नावाचं साधं लोकल खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला आणि फोल्डर त्या खात्याला वाचण्या-लिहिण्यासाठी शेअर केला. बाकीच्या मशीनवर तेच नाव आणि तोच पासवर्ड एकदा टाकून ‘लक्षात ठेव’वर खूण केली. पाऊण तासात काम झालं. विंडोज होमच होतं आणि आजही होमच आहे.

तुम्हीही हेच करा. खात्याला पासवर्ड न देता रिकामा ठेवू नका, रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मुख्य मशीनचं स्लीप बंद करा आणि त्याला यूपीएस लावा. आपल्याकडे लाईट कधी जाते ते तुम्हाला सांगायला नको, आणि टॅलीचा डेटा उघडा असताना मशीन धाडकन बंद पडणं फार वाईट.

प्रो कशाला लागतं ते आता सांगते, कारण ते बिनकामाचं आहे असंही माझं म्हणणं नाही.

पहिलं आणि तुमच्या कामाचं म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबून दुसऱ्या मशीनची स्क्रीन उघडून त्यावर काम करायची विंडोजची सोय. होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होमवर बाहेरून कुणी येऊ शकत नाही. सेटिंगमध्ये गेलात तर ते स्वतःच सांगतं की तुमची होम आवृत्ती याला चालत नाही. म्हणजे ज्या मशीनवर वडिलांना घरून बसायचंय तेवढं एक प्रो हवं, घरचा लॅपटॉप होम असला तरी चालतो. दोन गोष्टी लक्षात असू द्या. प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. वडील घरून आत आले की दुकानातली स्क्रीन लॉक होते. त्यामुळे काउंटरचं मशीन यासाठी निवडू नका, मागच्या खोलीतलं निवडा.

‘क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवर फुकट चालतं की,’ असं कुणी म्हणेल. चालतं. महिन्यातून एकदा बघायचं असेल तर तेच वापरा, तेवढ्यासाठी प्रो घेऊ नका. रोजच्या हिशेबाला मात्र मी ते सांगणार नाही. क्रोमवाल्यात वडील घरी जे उघडतील ते दुकानातल्या स्क्रीनवरही दिसत राहतं. खरेदीचे भाव, उधारी, सगळं. मशीन उघड्यावर असेल तर हे बरं नव्हे.

आणि एक कळकळीनं सांगते. रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरमध्ये 3389 पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका. कुणी ‘पाच मिनिटांत करून देतो’ म्हणालं तरी नाही. ओळखीतल्या एका ऑफिसात असंच उघडं ठेवलं होतं. एका सोमवारी येऊन बघतात तर सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी स्क्रीनवर. बॅकअप होता, पण तोही त्याच मशीनला जोडलेल्या डिस्कवर, तोही गेला. दोन वर्षांची बिलं पुन्हा हातानं भरताना ती माणसं कशी दिसत होती, ते मी पाहिलंय. आधी व्हीपीएन, म्हणजे दोन मशीनमधली इंटरनेटवरची खासगी बंद वाट, मगच रिमोट डेस्कटॉप. टेलस्केलसारखं व्हीपीएन दोन्ही मशीनवर टाकलं की राउटरला हात लावावा लागत नाही, आणि ते होमवरही चालतं.

डोमेन आणि ग्रुप पॉलिसी या प्रोच्या मोठ्या गोष्टी. शंभर मशीनना एका जागेवरून नियम लावायचे असतील तर त्यांच्याशिवाय चालत नाही, पण पाच मशीनच्या दुकानाला त्यांचा उपयोग नाही. एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या हायपर-व्हीचंही तेच.

एका ठिकाणी प्रो उलट जास्त कडक आहे आणि हे फारसं कुणी सांगत नाही. विंडोज 11 च्या 24एच2 या 2024 च्या अपडेटपासून प्रोमध्ये पासवर्ड नसलेलं गेस्ट शेअरिंग मुळातच बंद असतं. राउटरला पेनड्राइव्ह लावून बिनपासवर्डचा फोल्डर केलेला असेल, तर तो होमवर उघडेल आणि प्रोवर उघडणार नाही. यावर इलाज म्हणजे त्या फोल्डरला पासवर्ड देणं, विंडोजची कडी काढणं नव्हे. दुकानात जुनं झेरॉक्स मशीन असून ते स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकत असेल, तर तेही अडेल, मग विंडोज होम असो वा प्रो. त्याला एसएमबी 1 ही फाईल शेअरिंगची जुनी पद्धत लागते, आणि त्याचा सर्व्हरचा भाग 2017 च्या शेवटापासून नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये नसतो. तो चालू करा असं कुणी सांगितलं तरी करू नका, त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेनं जगभर पसरला होता. स्कॅन ईमेलवर घ्या.

आपल्या भागासाठी एक वेगळी गोष्ट. लॅपटॉपच्या खोक्यावर ‘होम सिंगल लँग्वेज’ असं लिहिलंय का ते बघा. नेटवर्कच्या बाबतीत ते होमसारखंच आहे, पण त्यात विंडोजची दिसणारी भाषा एकच राहते. आमच्या ऑफिसात चिकोडीची मुलगी आहे, तिला मेनू कन्नडमध्ये हवे असतात आणि मला मराठीत. साध्या होमवर दोघींची दोन खाती काढून हे सहज जमलं, सिंगल लँग्वेजच्या मशीनवर नाही. टायपिंगला अडचण नाही, कन्नड आणि मराठी दोन्ही कीबोर्ड त्यातही बसतात.

तेव्हा कोटेशन पुन्हा मागा. चार मशीन होम, एक प्रो, पाचही अस्सल लायसनची आणि बिलावर आवृत्तीचं नाव लिहिलेलं. डिलिव्हरीच्या दिवशी प्रत्येक मशीनवर विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘विनव्हर’ टाका, छोट्या खिडकीत आवृत्ती दिसते, ती बिलाशी ताडून बघा. पुढे आणखी एखादं मशीन प्रो करावं लागलं तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त लायसनची की (प्रॉडक्ट की) बदलायची असते. फायली, टॅली, काही हलत नाही, म्हणून आजच सगळी प्रो घेऊन ठेवायची घाई नको.