कार्बनची सायकल घ्यायची, पण एफडी मोडून?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 36, नोकरी पक्की, हातात पगार 62,000. यजमानांचं दुकान आहे, त्यातून कधी 30 तर कधी 50 हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च महिन्याला 78,000. मुलगा चौथीत. बँकेत 3 लाखांची एफडी आणि दरवर्षी दिवाळीला 35,000 बोनस, जो या वर्षीचा अजून खर्च झालेला नाही. ताईंनी 200 आणि 300 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड, पूर्ण केली, 400 अर्धवट सोडावी लागली. पुढच्या हंगामात 200, 300, 400, 600 अशा चारही एकाच हंगामात करून एसआर (सुपर रँडोनर) हा किताब मिळवायचा आहे. सध्याची सायकल अ‍ॅल्युमिनियमची, शिमानो कंपनीच्या सोरा गिअरची. दुकानात 2,20,000ची कार्बन रोडबाईक ‘शेवटचा पीस’ म्हणून सवलतीत मिळते आहे. 1,20,000 एफडीतून काढायचे आणि 1 लाख ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर, 18 महिने. यजमान म्हणतात, एवढ्या पैशात दोन मोटरसायकली येतील. “मी चुकतेय का?” असा शेवटचा प्रश्न.

ताई, इच्छा चुकीची नाही. 2015 साली नाशिकच्या महाजन बंधूंनी रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत, पूर्ण केली; त्यांच्या शहरात राहून सायकलीचा ध्यास लागला नाही तरच नवल. नोकरी, घर, मूल सांभाळून 300 किलोमीटरची बीआरएम 20 तासांच्या आत संपवणाऱ्या बाईला ‘हे फॅड आहे’ असं मी तरी म्हणणार नाही. मोटरसायकलीशी तुलनाही सोडून द्या, ती वेगळी गरज आहे. माझा आक्षेप आहे तो पैसे कुठून येताहेत याला, आणि त्याहून जास्त, ते कुठे जाताहेत याला.

400 का सोडली हे तुम्ही पत्रात तपशिलाने लिहिलं आहे. तो भाग मी तीनदा वाचला. सकाळी 6ला सुरुवात. पहाटे 2:40ला कसाऱ्याच्या अलीकडे, 325 किलोमीटरवर, पुढचा दिवा गेला. दुसरा दिवा नव्हता. दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट दुपारपासून बधिर होतं, ब्रेक दाबताना कळत नव्हतं. पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर बसून तुम्ही घरी फोन केलात.

आता हिशोब बघा. 400ला मुदत 27 तासांची, म्हणजे सकाळी 9 पर्यंत. तुमच्याकडे 75 किलोमीटर आणि 6 तास 20 मिनिटं उरली होती. ताशी 12चा वेग पुरला असता, घाट धरूनही. तुम्ही हळू नव्हता. सायकल जड होती म्हणून राइड सुटली नाही; दिवा विझला आणि हात गेले म्हणून सुटली. 2,20,000 रुपयांच्या त्या सायकलीबरोबर दिवा येत नाही. या किमतीच्या सायकलींना बहुतेक वेळा पेडलसुद्धा वेगळं घ्यावं लागतं.

वजनाचंही बोलू. तुमचं 58 किलो, सायकल 11, बाटल्या, बॅग आणि हत्यारं मिळून 5. एकूण 74. कार्बनने अडीच किलो वाचतील, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडे कमीच. चढाला 50 मिनिटं लागत असतील तर वाचणार पावणेदोन मिनिटं. सपाटीवर अडवतो तो वारा, तिथे अडीच किलोंचा फरक जाणवतही नाही. उलट तुमच्या मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचं, सगळ्यात मोठं चक्र 28 दातांचं आहे. पुढच्या 34 दातांच्या चक्राबरोबर तिथेही 34 दातांचं बसवलं तर सगळ्यात हलका गिअर जवळपास 18 टक्क्यांनी हलका होतो. पहाटे 4 वाजता घाटात गुडघे वाचवतो तो हा गिअर. मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा आहे का एवढं मेकॅनिकला विचारा. असेल तर कॅसेट आणि चेन मिळून चारेक हजारांत काम होतं.

तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यावर मात्र मी थांबलो: “साइझ 54 आहे, पण दुकानदार म्हणतो स्टेम बदलून देईन.” (54 हे फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये; स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा.) तुमची उंची 5 फूट 3 इंच. या उंचीला बहुतेक कंपन्यांच्या रोडबाईकमध्ये 48 ते 50च्या आसपासची फ्रेम लागते. 54वर तुम्ही आत्तापेक्षाही जास्त पुढे ताणल्या जाल, तळहातांवर भार वाढेल आणि तीच दोन बोटं आणखी लवकर बधिर होतील. स्टेम आखूड करून फ्रेम आखूड होत नाही. ‘शेवटचा पीस’ शेवटपर्यंत का उरला याचं कारण बहुधा हेच. चुकीच्या मापावर सवलत कितीही मिळो, तो सौदा तुमचा नव्हे.

आता पैशाकडे. घरखर्च 78,000 आणि एफडी 3 लाख, म्हणजे चार महिनेही पुरत नाहीत. ज्या घरात एक कमाई दर महिन्याला हलते, तिथे मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतो. 1,20,000 काढले की उरतील 1,80,000, म्हणजे सव्वादोन महिन्यांचे. वर मुदतीआधी मोडल्याचा दंड. त्याच वेळी साडेपाच हजारांचा हप्ता सुरू. दुकानाचे दोन महिने मंद गेले तर पहिला खड्डा तुमच्या क्रेडिट कार्डावर पडेल, आणि तिथे थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

‘नो कॉस्ट’ या शब्दावर जाऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने 2013मध्येच बजावलं होतं. व्याज असतंच, फक्त ते दुकानाच्या सवलतीतून वळतं होतं. 16 टक्के दर धरला तर 1 लाखाच्या 18 हप्त्यांमध्ये सुमारे 11,600 व्याज लपलेलं असतं. त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 2,100, तुमच्या बिलात येतो, शिवाय प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याने ते 11,600 थेट किमतीतून कमी करून मागावेत.

कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यावर तारीख ऑगस्ट 2025ची आणि जीएसटी 12 टक्के लावलेला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून विनामोटर सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवर 5 टक्के झाला. मूळ किंमत तीच राहिली तर 2,20,000ची सायकल 2,06,250ला पडायला हवी. जुन्या कोटेशनवर आज कुणी पैसे मागत असेल तर पावणेचौदा हजारांचा प्रश्न आहे, स्पष्ट विचारा.

मग करायचं काय? एफडीला हात लावू नका. बोनसच्या 35,000मधून आहे ती सायकल लांब पल्ल्याची करा. सगळ्यात आधी बाईक फिट, म्हणजे सायकल तुमच्या शरीराच्या मापाला जुळवून घेणं, साधारण 5 ते 7 हजार. फिटर बहुधा हँडल अरुंद करायला सांगेल. तुमच्या खांद्यांना 42 सेंटिमीटरचं हँडल रुंद वाटतं. ते आणि नवी टेप मिळून तीनेक हजार. दोन चांगले दिवे आणि एक पॉवर बँक, सहा हजार. फ्रेममध्ये जागा असेल तर 28 मिलिमीटर रुंदीचे टायर, हवा थोडी कमी; आपल्या रस्त्यांवर हातांना सगळ्यात मोठा आराम त्यानेच मिळतो. त्याला सहा-सात हजार. कॅसेट आणि चेन वर सांगितलीच. चेन किती झिजली ते मोजायचं माप तीन-चारशेत मिळतं, तेही घ्या. मी एकदा चेन वेळेवर बदलली नाही आणि कॅसेटही टाकावी लागली. हे सगळं 30,000च्या आत बसतं.

उरलेले पाच हजार कुठे जावेत याबद्दल मी आग्रही आहे. तुमच्या घरातला पक्का पगार तुमचा आहे, आणि तुम्ही रात्री 2 वाजता महामार्गावर सायकल चालवता. कॉलरबोन मोडलं आणि सहा-आठ आठवडे बिनपगारी घरी बसावं लागलं तर? तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. घेताना कशाकशाला भरपाई नाही ते पान नीट वाचा, आणि सायकलिंगच्या राइड चालतात का हे लेखी विचारा. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही चालू आहे का बघा. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, म्हणजे तो एकटा पुरेसा नाही, पण नसण्याचं काही कारण नाही.

आणि कार्बन? ती घ्याच, पण कमावून. जो हप्ता द्यायची तुमची तयारी होती तेवढेच, 5,500 रुपये, दर महिन्याला आरडीत टाका. साडेसहा टक्के धरले तर दोन वर्षांत 1,41,000च्या आसपास होतील. पुढच्या वर्षीचा बोनस एफडीला जोडा, ती कमी पडतेच आहे. त्याच्या पुढच्या वर्षीचा सायकलीला. तेव्हा 1,76,000 हातात असतील, शिवाय जुन्या सायकलीचे जे येतील ते. मधल्या काळात ग्रुपमधलं कुणी तुमच्या मापाची वापरलेली कार्बन काढत असेल तर आधीच जमेल. फक्त फ्रेमवर तडा आहे का ते जाणत्या मेकॅनिककडून बघून घ्या, मूळ बिल मागा.

यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. पहाटे उठून कसाऱ्यापर्यंत गाडी घेऊन आले ते तेच ना? त्यांचा विरोध सायकलीला नसावा, एफडीला असावा.

या आठवड्यात दुकानदाराला 54साठी नाही म्हणून कळवा आणि फिटरची वेळ घ्या. तो मापांचा एक कागद देईल: सीटची उंची, हँडलपर्यंतचं अंतर, फ्रेमचा रीच (पुढची लांबी) आणि स्टॅक (उंची). तो जपून ठेवा. दोन वर्षांनी दुकानात जाताना तोच कागद बरोबर न्यायचा आहे.