नफा कंपनीचा, भुर्दंड समाजाचा: हे नेमकं घडतं कसं?

प्रश्न असा विचारला आहे: "कंपन्यांच्या हावेमुळे समाजाचं नुकसान होतं असं सगळे म्हणतात. पण स्पर्धा असेल तर वाईट कंपनी आपोआप बुडेलच. मग इतके नियम आणि इतकी ओरड कशासाठी?"

वाईट कंपनी आपोआप बुडते, पण एका अटीवर. तिने केलेल्या नुकसानीचं बिल तिलाच भरावं लागलं पाहिजे. बहुतेक वेळा ते भरतो दुसराच कोणी: कारखान्याशेजारची वस्ती, कामगाराचं कुटुंब, सरकारी दवाखाना, नाहीतर पुढची पिढी. कंपनीच्या वहीत हा खर्च नोंदलाच जात नाही, म्हणून वही नफा दाखवते. अशा वेळी स्पर्धा उलटं काम करते. सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्याचा माल महाग पडतो, रात्री तसंच नदीत सोडणाऱ्याचा स्वस्त. ग्राहकाला दिसते फक्त किंमत. आधी बुडतो तो प्रामाणिक उत्पादक. हाव माणसात पूर्वीपासून आहे आणि पुढेही राहील, त्यामुळे मला मूळ दुखणं या हिशेबात दिसतं.

हा हिशेब कसा मांडतात ते आधी बघू. समजा, सुरक्षेत काटछाट केली की कंपनीचे ५० कोटी वाचतात. पकडली गेली तर दंड २०० कोटी. वरवर पाहता कोणी हे धाडस करणार नाही. पण पकडलं जाण्याची शक्यता दहात एक असेल, तर दंडाची अपेक्षित किंमत फक्त २० कोटी भरते. ५० वाचवायला २० खर्च, म्हणजे कागदावर हा फायद्याचा व्यवहार झाला. दंड नफ्यापेक्षा मोठा असून भागत नाही. पकडलं जाण्याच्या शक्यतेने गुणल्यावरही तो मोठा राहिला पाहिजे, म्हणजे या उदाहरणात ५०० कोटींच्या वर. तपासनीसांची पदं रिकामी ठेवणं म्हणूनच कायदा सौम्य करण्याइतकं घातक असतं. तेव्हा मात्र कोणी आरडाओरडा करत नाही.

याचा सर्वांत गाजलेला कागद १९७३ मधला, फोर्ड कंपनीचा. पुष्कळ जण तो चुकीचा सांगतात, म्हणून नीट सांगतो. गाडी उलटल्यावर पेट्रोल गळून आग लागू नये यासाठी दर गाडीमागे ११ डॉलर खर्च धरला होता. १ कोटी २५ लाख गाड्यांसाठी एकूण सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला वाचणारे १८० जीव, प्रत्येकी २ लाख डॉलर. १८० जणांच्या भाजण्याच्या जखमा, प्रत्येकी ६७ हजार. जळणाऱ्या २,१०० गाड्या, प्रत्येकी ७००. बेरीज ४ कोटी ९५ लाख. निष्कर्ष: सुधारणा परवडत नाही. हा कागद फक्त पिंटो या मॉडेलबद्दल नव्हता, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एकूण गाड्यांबद्दल होता. शिवाय तो लपवलेला नव्हता, नियामक संस्थेलाच सादर केलेला होता, आणि माणसाच्या जिवाचे २ लाख डॉलर हा आकडाही त्या संस्थेच्याच अभ्यासातून घेतलेला होता. मला यातली जास्त भयंकर गोष्ट हीच वाटते. कोणा एका क्रूर माणसाने गुपचूप केलेली ही बेरीज नाही. सगळ्यांच्या संमतीने, ठरलेल्या पद्धतीने केलेली आहे. त्यात एक रकाना कधीच नव्हता: धोका पत्करणारा आणि ११ डॉलर वाचवणारा ही दोन वेगळी माणसं आहेत.

चाळीस वर्षांनीही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा स्विच चालता चालता सरकायचा. इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. स्विचमधल्या सुधारणेचा खर्च ५७ सेंट असल्याचं नंतर अमेरिकी संसदेतल्या सुनावणीत पुढे आलं. २००६ मध्ये सुधारित भाग बसवायला सुरुवात झाली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुना सदोष भाग आणि नवा भाग कागदावर वेगळे ओळखताच येईनात आणि तपास वर्षानुवर्षं भरकटला. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

आता भोपाळकडे जवळून पाहा, कारण काटछाट प्रत्यक्षात कशी दिसते ते तिथे कळतं. युनियन कार्बाइडचा तिथला कीटकनाशकांचा कारखाना १९८४ च्या वायुगळतीच्या वेळी धो धो नफा कमावत नव्हता. कीटकनाशकाला उठाव नव्हता आणि तो तोट्यात होता. म्हणून जिथे तिथे खर्च कमी करणं चालू होतं: माणसं कमी, देखभाल कमी, प्रशिक्षण कमी. मिथिल आयसोसायनेट हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं असतं, कारण त्यात पाणी मिसळलं तर उष्णता निर्माण होते, आणि मुळातच गरम असलेल्या टाकीत ही क्रिया आवरेनाशी होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ च्या मध्यापासून बंद होती. निसटलेला वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर सज्ज नव्हता, आणि एवढ्या मोठ्या लोंढ्यासाठी तो बनवलेलाही नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा गंजला म्हणून काढलेला होता. नवा बसवला नव्हता. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी गेलं आणि सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. पाणी कसं गेलं याबद्दल कंपनी आणि कामगार यांची म्हणणी वेगवेगळी आहेत; कंपनी घातपात म्हणते. पण तीन अडथळे एकाच वेळी निकामी असणं हा घातपात असू शकत नाही; ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर केलेली बचत होती. प्रत्येक बचत स्वतंत्रपणे क्षुल्लक दिसत होती.

आणि बिल? १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बाधित पाच लाखांहून जास्त, म्हणजे माणशी सरासरी हजार डॉलरसुद्धा पडत नाहीत. फुप्फुसं कायमची गेलेल्या माणसाला त्यात आयुष्य काढायचं होतं. आवारातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला, तोही सरकारी पैशातून.

वेळेचं अंतर हे हावेचं सर्वांत मोठं संरक्षण आहे. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग श्वासात धूळ गेल्यावर वीस ते पन्नास वर्षांनी उमटतो. ३० वर्षांनी होणारं १०० कोटींचं नुकसान दरसाल १० टक्के दराने आजच्या किमतीत आणलं (म्हणजे आज किती रक्कम त्या व्याजाने ठेवली तर ३० वर्षांनी १०० कोटी होतील ते काढलं), तर ते ५ कोटी ७३ लाख भरतं. आज ६ कोटी वाचत असतील तर गणित म्हणतं, वाचवा. ज्याने निर्णय घेतला तो तोवर बोनस घेऊन निवृत्त झालेला असतो. बोनसची मोजपट्टीही लवकर निकाल देणारीच निवडलेली असते. नेहमीची मोजपट्टी म्हणजे प्रति समभाग नफा. नफा १०० कोटी आणि समभाग १० कोटी असतील तर तो १० येतो. कंपनीने स्वतःचेच १ कोटी समभाग विकत घेऊन रद्द केले की तोच नफा ९ कोटींत वाटला जातो आणि आकडा ११.११ होतो. कमाई तेवढीच, पण कामगिरी ११ टक्क्यांनी सुधारलेली दिसते. अमेरिकेत १९८२ च्या एका नियमाने या पुनर्खरेदीला मोकळीक मिळाली. विमानं बनवणाऱ्या बोइंगने २०१३ ते २०१९ या काळात सुमारे ४,३०० कोटी डॉलर यावर घातले. त्याच काळात बाजारात आणलेल्या ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक खाली दाबणारी संगणकप्रणाली एकाच सेन्सरवर विसंबून होती. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली.

कर्ज काढून कंपनी गिळण्याचा प्रकार वेगळा आहे, पण परिणाम तोच. खरेदीदार स्वतःचा पैसा थोडा घालतात आणि बाकीचं कर्ज काढतात. ते कर्ज खरेदीदारांच्या नावावर राहत नाही, विकत घेतलेल्या कंपनीच्याच ताळेबंदात चढतं. वर खरेदीदारांना द्यायचं सल्ला-शुल्क दरवर्षी वेगळं. 'टॉइज आर अस' ही खेळण्यांच्या दुकानांची अमेरिकी साखळी २००५ मध्ये ६६० कोटी डॉलरला अशीच घेतली गेली. त्यात खरेदीदारांचे स्वतःचे सुमारे १३० कोटी. पुढे वर्षाला साधारण ४० कोटी डॉलर नुसत्या व्याजात जाऊ लागले, मग दुकानं सुधारायला उरणार काय? ऑनलाइन विक्रीने ती मेली असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद झाली, तीस हजारांहून जास्त लोकांची नोकरी गेली. नोकरी संपतानाची भरपाईही सुरुवातीला नाकारली. आंदोलन झालं तेव्हा दोन मालक संस्थांनी २ कोटी डॉलरचा निधी काढला.

बिल शेवटी दारात आलंच तर काखा वर करण्याचे मार्गही ठरलेले आहेत. देणी एका वेगळ्या संस्थेत टाकायची आणि मालमत्ता घेऊन निघून जायचं. ॲस्बेस्टॉसचा बांधकामाचा माल बनवलेल्या ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हार्डी कंपनीने २००१ मध्ये ॲस्बेस्टॉसग्रस्तांसाठी प्रतिष्ठान काढलं, २९ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर पुरेसे आहेत असं जाहीर केलं आणि मुख्यालय नेदरलँड्सला नेलं. प्रत्यक्षात तूट दीडशे कोटींहून मोठी निघाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीने २००७ मध्ये व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळीच्या खोट्या प्रचाराबद्दल गुन्हा कबूल केला, दंड सुमारे ६० कोटी डॉलर. त्यानंतरच्या दहा वर्षांत मालक कुटुंबाने कंपनीतून १,००० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाहेर काढली. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हा कबूल केला. मधल्या काळात व्यसनाने मोडलेली घरं, अनाथ मुलं, भरलेली रुग्णालयं यांचा खर्च गावांनी आणि राज्यांनी सोसला.

मग उपयोग कशाचा होतो? कंपनीच्या स्वेच्छेवर सोडलेल्या आचारसंहितांचा फारसा होत नाही, हे राणा प्लाझाने दाखवलं. बांगलादेशातल्या सावरमधली, शिलाई कारखाने असलेली ती इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, १,१३४ मृत्यू. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली, पण शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. माल उशिरा गेला तर विमानाचं भाडं आणि दंड कारखानदाराच्या माथी पडतो, म्हणून घाई. तिथल्या काही कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधी झालेलं होतं. खांब आणि तुळया तपासणं त्या ऑडिटच्या कक्षेतच नव्हतं. महिनाभरात कपडे विकत घेणाऱ्या ब्रँडशी जो करार झाला तो वेगळा होता. कामगार संघटना त्यात सही करणाऱ्या पक्षकार होत्या. तपासणीचे अहवाल जाहीर होणार, दुरुस्तीला पैसा मिळेल याची जबाबदारी ब्रँडवर, असुरक्षित इमारतीत शिरायला नकार देण्याचा हक्क कामगाराला, आणि ब्रँडने शब्द मोडला तर लवादाकडे खेचता येणार. दोनशेहून जास्त ब्रँड आणि सोळाशेहून जास्त कारखाने त्याखाली आले. हा करार चालला, कारण वर सांगितलेल्या बेरजेत मोडणाऱ्याच्या बाजूला खरा खर्च आला.

तुम्हाला एखादी कंपनी स्वतः तपासायची असेल तर वार्षिक अहवालातली अध्यक्षांची प्रस्तावना सोडा आणि मागच्या टिपा उघडा. यंत्रांवरचा नवा भांडवली खर्च आणि घसारा (वापराने दरवर्षी घटणारी यंत्रांची किंमत) यांची पाच वर्षांची तुलना करा. खर्च सतत घसाऱ्याच्या खाली आणि त्याच वेळी लाभांश व बायबॅक (स्वतःच्या समभागांची पुनर्खरेदी) मिळून हातात उरणाऱ्या रोकडीपेक्षा जास्त, असं असेल तर कंपनी स्वतःची यंत्रं खाऊन पैसे वाटते आहे. एखादं वर्ष तसं असलं तर घाबरू नका. नवा कारखाना नुकताच उभा राहिला असेल तर ते साहजिक आहे. संभाव्य देण्यांच्या टिपेत कोर्टकज्ज्यांची रक्कम आणि त्यासमोर केलेली तरतूद पाहा, दोन्हींतली दरी वर्षागणिक वाढते का तेही पाहा. कर्ज वाढलं पण मालमत्ता वाढली नाही, तर पैसा कुठे गेला ते रोख प्रवाह पत्रकातल्या वित्तपुरवठ्याच्या भागात सापडतं. अपघातांचे आकडे वाचताना त्यात कंत्राटी कामगार धरले आहेत का हे आधी शोधा. सर्वांत धोक्याचं काम बहुधा त्यांच्याकडेच असतं, आणि ते कंपनीच्या पटावर नसल्यामुळे त्यांचे मृत्यू पुष्कळदा त्या आकड्यांत मोजलेच जात नाहीत.