स्वालबार्डला यायचंय? आधी नोकरी आणि खोली बघ

रात्री दोन वाजता नकाशा बघता बघता तू उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत पोचलास, भारतीयांना इथे राहायला व्हिसा लागत नाही हे वाचून तुझी झोप उडाली, आणि आता विचारतोयस की नोकरी सोडून थेट यावं का. मी इथल्या मुख्य गावात, लाँगइयरब्येनमध्ये, एका हॉटेलात काम करते. माझं उत्तर: ये, पण असा येऊ नकोस.

व्हिसाचं वाचलंस ते खरं आहे. 1920च्या करारानं ही बेटं नॉर्वेची झाली, पण सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना इथे कामधंद्याचा समान हक्क मिळाला. त्यात ब्रिटिश अमलातला भारतही होता. पण विमानं येतात ती ओस्लो आणि ट्रॉम्सोहून. म्हणजे वाटेत शेंगेन व्हिसा (नॉर्वेसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) हवाच, आणि तोही एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन आलास तर परतीची वाट बंद.

आता घराचं. गाव जेमतेम अडीच हजारांचं. बरीचशी घरं कंपन्यांची नाहीतर सरकारी संस्थांची, नोकरीबरोबर मिळणारी. नोकरी गेली की घरही जातं. त्यात 2015च्या डिसेंबरात डोंगरावरून हिमकडा कोसळला, दोन माणसं गेली, अकरा घरं मोडली; नंतर धोक्याच्या पट्ट्यातली आणखी घरं काढावी लागली. मोकळी खोली शोधत इथे येऊन बसणं म्हणजे साठवलेले पैसे संपवणं. खोलीसकट नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस. कोळशाच्या खाणींचे दिवस सरले, नॉर्वेची शेवटची खाण 2025मध्ये बंद झाली. कामं आहेत ती हॉटेलं, स्वयंपाकघरं, साफसफाई आणि पर्यटनात. थायलंड आणि फिलिपिन्सची पुष्कळ माणसं यावरच इथे टिकून आहेत, आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे.

पोट भरायची सोय नसेल तर इथले राज्यपाल तुला परत पाठवू शकतात. गरजूंसाठी सरकारी मदत नाही, म्हाताऱ्यांची देखभाल नाही, बाळंतपणालाही मुख्य भूमीवर जावं लागतं. इथे काढलेली वर्षं नॉर्वेच्या नागरिकत्वासाठी धरली जात नाहीत, हे घरच्यांनाही आधीच सांग. कर मात्र कमी आहे.

आणि काळोख. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. गावात तर डोंगर आड येतात म्हणून ऊन पडायला मार्च उजाडतो. 8 मार्चच्या सुमारास जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पहिली किरणं येतात तेव्हा अख्खं गाव तिथे जमतं, पोरं ओरडून सूर्याला बोलावतात. मला हा दिवस दिवाळीइतकाच प्यारा आहे. पण त्याआधीचे महिने काहींना झेपत नाहीत. झोप बिघडते, माणूस घुम्यासारखा होतो. म्हणून आधी जानेवारीत आठवडाभर राहून बघ, जुलैत नको.

तू भूशास्त्र शिकलायस असं लिहिलंयस, तेव्हा हॉटेलाच्याही आधी दोन दारं ठोठाव. एक, इथलं विद्यापीठ केंद्र, जिथे आर्क्टिक भूशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. दुसरं आपल्या गोव्यातलं, वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था. स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड या वस्तीतलं 'हिमाद्री' हे भारतीय संशोधन केंद्र तीच 2008पासून चालवते.