आय-सेव्हनच्या स्टिकरला भुलू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ॲडमिशनचे पेढे पोहोचले. तू पाठवलेली लॅपटॉपची यादीही निवांत पाहिली. त्यात टाकाऊ असं काही नाही. पण प्रत्येक मशीनपुढे तू प्रोसेसरचं नाव, ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि किंमत एवढंच लिहिलं आहेस. दुकानदारही तेवढंच मोठ्या अक्षरांत लावतो. तुझं काम जिथे अडणार आहे, ते खाली बारीक अक्षरांत असतं.

आधी काम काय ते बघू. कॉलेजचं कोडिंग, सिंहस्थाचं फोनवर केलेलं शूटिंग एडिट करणं आणि रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट. यात सगळ्यात कमी खाणारं व्हॅलोरंट आहे. सेटिंग खाली आणलं की ते हल्लीच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवरही चालतं. म्हणून मशीन एडिटिंगच्या हिशोबाने निवड, गेम त्यात आपोआप भागेल. उलटं केलंस तर लाल-हिरवे दिवे लागणारा, अडीच किलोचा डबा घरी येईल.

यादीत तू इंटेलचा आय-सेव्हन 1355यू वर ठेवलाय आणि आय-फाइव्ह 12450एच खाली. नावातला आकडा सोड, शेवटचं अक्षर बघ. ‘यू’ म्हणजे मूळ 15 वॅटचा, बॅटरी वाचवणारा प्रोसेसर. ‘एच’ म्हणजे 45 वॅटचा. त्या आय-सेव्हनमध्ये ताकदीचे कोअर, म्हणजे हिशोब करणारे मुख्य भाग, 2 आहेत, ‘खालच्या’ आय-फाइव्हमध्ये 4. वर्ड-एक्सेलला फरक कळणार नाही. वीस मिनिटांचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावलास की कळेल. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्याकडे वेगळीच मेख आहे. रायझन 7520यू हे नाव 7000च्या मालिकेतलं, पण त्यातला तिसरा आकडा 2 म्हणजे आतली रचना झेन 2, ती 2019 सालची. 7840एचएसमध्ये तोच आकडा 4 आहे. नवीन नावाने जुना माल विकायची ही रीत मला बिलकूल आवडत नाही, पण ती आहे.

रॅम 16 जीबी हवीच. पूर्वी मी मुलांना सांगायचो, आत्ता 8 घ्या, पुढच्या दिवाळीत 8 टाका. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की तो सल्ला आता देववत नाही. शिवाय कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढतच नाही. हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. डिस्प्लेला ठेवलेल्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक कर. खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं आणि शेजारीच ‘फॉर्म फॅक्टर’. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर जे आहे ते कायमचं. काउंटरवरचा पोरगा ‘एक्स्पांडेबल आहे मॅडम’ म्हणत असला, तरी ही ओळ वाचल्याशिवाय मान डोलवू नकोस.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. एनव्हिडियाचं ‘आरटीएक्स 4050’ एवढ्याने काही ठरत नाही. तेच कार्ड एका कंपनीच्या मशीनमध्ये 35 वॅटवर चालतं आणि दुसरीच्या मशीनमध्ये 115 वर. नाव एक, काम फार वेगळं. कंपनीच्या साइटवर ‘टीजीपी’, म्हणजे कार्डाला मिळणाऱ्या वॅटचा आकडा, शोध. तो लिहिलेलाच नसेल तर समजून जा. तुझ्या कामाला 6 जीबीचं 3050 किंवा मध्यम वॅटचं 4050 पुष्कळ झालं. पुढे एखाद्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे काम करायचा विचार असेल, तर एक लक्षात ठेव. मोठे कॅमेरे हल्ली 10 बिट, 4:2:2 चं एचईव्हीसी, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं पण दाबून साठवलेलं फुटेज देतात. ते सहज चालवायला इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगचं ग्राफिक्स किंवा एनव्हिडियाची 50 ची मालिका लागते. फोनच्या फुटेजला ही अडचण नाही.

आता स्क्रीन. माझ्या मते सगळे जण इथेच फसतात, कारण स्क्रीनचा दर्जा स्टिकरवर बहुतेकदा नसतो. 80-90 हजारांच्या मशीनलाही 45 टक्के एनटीएससीचा, म्हणजे कमी रंग दाखवणारा पॅनेल लावलेला मी पाहिलाय. तो ऑनलाइन लेक्चर बघायला ठीक, रंग बघायला नाही. रामकुंडावर काढलेला एखादा फोटो पेन ड्राइव्हमध्ये ने, ज्यात भगवी वस्त्रं आणि झेंडूच्या माळा असतील असा. तो त्या स्क्रीनवर उघड आणि शेजारी फोनवर तोच फोटो धर. भगवा विटकरी दिसला आणि झेंडू फिका पडला, तर मशीन ठेवून पुढे चल. अशा स्क्रीनवर तू रंग वाढवत बसशील आणि बघणाऱ्याच्या फोनवर चेहरे तांबडेलाल दिसतील. रंगांसाठी 100 टक्के एसआरजीबी आणि उजेडासाठी किमान 300 निट्स, एवढं माग. एक पायरी खालचं कार्ड आणि ही स्क्रीन असं मिळत असेल, तर मी डोळे झाकून तेच घेईन.

आयफोनवर 4के, 30 फ्रेमचं शूटिंग मिनिटाला साधारण 170 एमबी जागा घेतं, म्हणजे तासाला 10 जीबी. एका पर्वणीच्या दिवशी तू तीन-चार तास सहज शूट करशील. 512 जीबीच्या एसएसडीत, म्हणजे फाइल साठवायच्या ड्राइव्हमध्ये, विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअरं आणि गेम गेल्यावर फारसं उरत नाही. दुसरा एसएसडी बसवायला स्लॉट आहे का विचार आणि बजेटमधले थोडे पैसे बाहेरच्या एसएसडीसाठी राखून ठेव. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती 4के यूएचडीपर्यंत एक्सपोर्ट देते, तेव्हा सॉफ्टवेअरवर आत्ता एक रुपयाही घालू नकोस. टाइमलाइन अडखळायला लागली तर प्रॉक्सी बनवायला शिक. हलक्या फाइलवर एडिट करायचं, एक्सपोर्ट मूळ फाइलचा. साध्या मशीनवरही मोठं काम होतं.

मॅकबुक एअरचं विचारलंस. हलका आहे, पंख्याचा आवाज नाही, एडिटिंगला झकास. पण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही. कॉलेजात फक्त विंडोजवर चालणारं काही निघालं तर तिथेही अडशील. तुझ्यासाठी नको.

वजन मात्र बघ. नाशिकरोडहून त्र्यंबक रोडपर्यंत रोज सिटीलिंकच्या बसने उभ्याने जायचं, तेही चार वर्षं. गेमिंग लॅपटॉपचा चार्जरच विटेएवढा असतो आणि बॅटरीवर ते मशीन निम्म्या ताकदीने चालतं. 2 किलोच्या आसपास थांब.

खरेदी ऑनलाइन कर नाहीतर एम. जी. रोडवर, पण दोन्हीकडचे भाव काढून मगच बोलणी कर. बॅग आणि माऊस फुकट देतो म्हणाले, तर त्याऐवजी वॉरंटी वाढवून माग. सर्व्हिस सेंटर नाशकातच आहे का, की मशीन मुंबईला जाणार, हेही विचार. बिघाड नेमका सबमिशनच्या आठवड्यात होतो. बिल जीएसटीचं घे आणि त्यावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्याशी जुळवून बघ.

आणि यादीत आहे तसं ‘अमुक कंपनीचा तमुक मॉडेल’ एवढंच लिहून पाठवू नकोस. एकाच नावाखाली वेगवेगळी रॅम आणि वेगवेगळे पॅनेल लावून आठ-दहा प्रकार विकतात. मशीन उलटं करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, फोटो काढून पाठव. पॅनेल कुठला लावलाय ते मी त्यावरून शोधून सांगतो. पैसे त्यानंतर भर.

तुझा,
काका