रोज क्लोरीन टाकूनही सोसायटीच्या स्विमिंग पूलचं पाणी हिरवट का राहतं?

तुम्ही लिहिलंय की पूल उघड्यावर आहे, साधारण १ लाख लिटरचा. टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, क्लोरीन देणारी पावडर) रोज ३०० ग्रॅम पडते, फिल्टरला रोज बॅकवॉश होतो (उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुतली जाते), टेस्ट किटमधलं पाणी चांगलं पिवळं दिसतं. तरी पाणी हिरवट, गढूळ, आणि मुलं डोळे चोळत वर येतात. टँकरचं पाणी महाग म्हणून वर्षभरात पूल रिकामा केलेला नाही. आणि डोळे झोंबतात म्हणजे क्लोरीन जास्त होतंय, तर ते कमी करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पूल सांभाळण्याच्याच कामात आहे. कमी करू नका. तुमच्या पाण्यात क्लोरीन आहे, पण त्याचे हात बांधलेले आहेत.

आधी किट बदला. पिवळा रंग देणारं किट ऑर्थोटोलिडीनचं असतं आणि ते एकूण क्लोरीन दाखवतं. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतं. डोळे झोंबतात ते त्यानेच, आणि पूलजवळ गेल्यावर नाकात जाणारा उग्र वासही त्याचाच. हे क्लोरामाइनसुद्धा त्या किटमध्ये पिवळंच दिसतं, त्यामुळे पूलवाल्या मुलाला वाटतं सगळं ठीक आहे. डीपीडी नावाच्या रसायनाचं किट घ्या. नळीत १ नंबरची गोळी विरघळवली की जो गुलाबी रंग येतो ते मोकळं क्लोरीन, म्हणजे कामाचं. त्याच नळीत ३ नंबरची गोळी टाकली की रंग जितका गडद होतो तितकं क्लोरामाइन. हा फरक ०.४ पीपीएमच्या (१ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम) वर गेला तर दखल घ्यायलाच हवी. एक लक्षात ठेवा: गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून गेला तर ‘क्लोरीन नाही’ असं समजू नका. क्लोरीन फार जास्त असलं तरी असंच होतं. अशा वेळी नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा तपासा.

तुमच्या पूलचं खरं दुखणं मात्र मला सायन्युरिक ॲसिडमध्ये दिसतं. टीसीसीएमध्ये क्लोरीनसोबत ते येतंच. थोडं असलं तर चांगलं, कारण उन्हात क्लोरीन उडून जात नाही. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे मागे साठत राहतं. तुमचाच हिशेब बघा. ३०० ग्रॅम टीसीसीए म्हणजे १ लाख लिटरला साधारण २.७ पीपीएम क्लोरीन, आणि त्याबरोबर १.६ पीपीएमच्या आसपास सायन्युरिक ॲसिड. महिन्याला जवळपास ५० पीपीएम झालं! ३० ते ५० पुरेसं असतं. बॅकवॉशमध्ये थोडं पाणी जातं हे धरलं तरी वर्षभरात तुमचा आकडा त्याच्या कितीतरी पट गेला असणार. इतकं साठलं की क्लोरीन त्यालाच चिकटून बसतं आणि शेवाळ निवांत वाढतं. सायन्युरिक ॲसिडची तपासणी सोपी आहे. नमुन्यात त्याच्या किटमधलं औषध टाकलं की पाणी दुधाळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा.

यावर व्यवहार्य उपाय एकच, पाणी बदलणं. अर्धं काढून नवं भरलं की आकडा निम्म्यावर येतो. फार चढलेला असेल तर हेच दोनदा किंवा अधिक वेळा करावं लागेल. ५० हजार लिटर म्हणजे १० हजार लिटरचे ५ टँकर, कमिटीत कुरकुर होणार हे मला माहीत आहे. तरीही हाच खर्च करा, कारण याच्याशिवाय पुढची सगळी औषधं वाया जातात. पूल पूर्ण कोरडा मात्र करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. जमिनीतलं पाणी खालून दाब देतं आणि रिकाम्या टाकीला तडे जाऊ शकतात.

नवं पाणी आलं की आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. पीएच ८ ला क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जोमाने काम करतो, ७.५ ला जवळपास निम्मा. पुण्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, म्हणून अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवणारे पाण्यातले क्षार, सोड्याने ते वाढतात) तपासल्याशिवाय कुणी सांगतं म्हणून खाण्याचा सोडा ओतू नका. ती ८० ते १२० पीपीएममध्ये असली की झालं. मग सूर्य मावळल्यावर लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, द्रव क्लोरीन) टाका. १० टक्क्यांचं असेल तर १० लिटरने १० पीपीएम मिळतं. भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासा, पंप रात्रभर चालू ठेवा, आणि हिरवटपणा राहिला तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. मोकळं क्लोरीन ३ च्या खाली येईपर्यंत कुणालाही पाण्यात सोडू नका. पुढे रोजच्यासाठी हायपोच वापरा आणि मोकळं क्लोरीन २ ते ३ ठेवा. हायपोने पीएच चढतो, तेवढं लक्ष ठेवा.

आता फिल्टर. रोजचा बॅकवॉश बंद करा. वाळूत थोडा मळ अडकलेला असला की बारीक कण जास्त चांगले अडतात. रोज धुतलेली वाळू ते सोडून देते, आणि पाणी जातं ते वेगळंच. बॅकवॉशनंतर लगेच फिल्टरच्या प्रेशर गेजवर काटा कुठे आहे ते मार्करने खूण करून ठेवा. तिथून ८ ते १० पीएसआय (दाबाचं एकक) चढला की पुढचा बॅकवॉश. शेवाळ मेल्यावर राखाडी गाळ येतो, तेव्हा दिवसातून दोनदाही करावा लागेल, ते चालेल. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरचा दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) दांडा फिरवण्याआधी पंप बंदच हवा, नाहीतर आतली गॅस्केट जाते. व्हॉल्व्हवरच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत २-३ मिनिटं बॅकवॉश, पुन्हा पंप बंद, मग अर्धा-एक मिनिट रिन्स, मगच फिल्टर. रिन्स वगळला की सुटलेला मळ परत पूलमध्ये येतो. वाळूला ६-७ वर्षं झाली असतील तर बदलून टाका.

आणि एक गोष्ट तुमच्या पूलवाल्या मुलाला आजच समोर बसवून सांगा. टीसीसीएच्या बादलीत, मगात किंवा चमच्यात हायपो किंवा ब्लीचिंग पावडर कधीही जाऊ द्यायची नाही. एकत्र आले तर आग, स्फोट, विषारी वायू, काहीही होऊ शकतं. ॲसिड आणि हायपोचे कॅन शेजारी ठेवायचे नाहीत. औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. त्याला हातमोजे, चष्मा आणि चांगला मास्क सोसायटीने द्यायला हवा, त्याच्या पगारातून नाही.

सायन्युरिक ॲसिड, पीएच आणि अल्कलिनिटी हे तीन आकडे इथे कळवा. डोस काढून देतो.