सर्टिफिकेशनवर वेळ आणि पैसा घालवावा का?

आयटी सपोर्टमध्ये दोन वर्षं झालीत, क्लाउडकडे वळायचंय, एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनची, भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड सेवा) परीक्षा द्यावी का, असा तुमचा प्रश्न. द्या, पण एकच: सॉल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट. फी १५० डॉलर, वर कर. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं.

त्याआधी ऑफिसात विचारा. एडब्ल्यूएसच्या पार्टनर कंपन्यांना वरचा दर्जा मिळवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी फी परत मिळते. खिशातून भरायची असेल तर मात्र डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून बसू नका. मी इंटरव्ह्यू घेतो. मध्यंतरी एक मुलगा आला, रेझ्युमेवर तीन बॅज, म्हणजे तीन सर्टिफिकेट्स. विचारलं, प्रायव्हेट सबनेटमधला (नेटवर्कचा इंटरनेटला थेट न जोडलेला भाग) सर्व्हर इंटरनेटवरून अपडेट कसे घेईल? ‘नॅट गेटवे’ (आतल्या सर्व्हरला बाहेर जायचं दार), फटकन उत्तर. बरं, तो कुठल्या सबनेटमध्ये ठेवशील? गप्प. उत्तर आहे पब्लिक सबनेट, म्हणजे इंटरनेटला थेट जोडलेला भाग, आणि ज्याने घरी एकदा तरी हा गेटवे उभा केलाय तो हे विसरत नाही. कारण तो चालू राहिला तर नुसताच पडून असला तरी तासाच्या हिशेबाने बिल चढतं! (लॅब झाली की डिलीट करा बाबांनो.)

बॅजमुळे एचआरच्या चाळणीतून नाव पुढे सरकतं, एवढं खरं. सीनियर लोकांना तेवढ्यासाठी फारशी गरज पडत नाही. तुम्हाला पडेल. रोज तासभर दिला तर तीन महिने धरा, त्यातला निम्मा वेळ कन्सोलवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या वेबपानावर स्वतः हात चालवून.